वाड्यातील लाकडी जमीन

वाडा दुरुस्त करावयास निघालेले वारसदार हल्ली एक इच्छा हमखास बोलून दाखवितात : वरच्या मजल्याची जुनी लाकडी जमीन मोकळी करून, तासून, पॉलिश करून पूर्वीसारखी चकचकीत करावयाची. इच्छा स्तुत्यच आहे. परंतु त्यातील ‘पूर्वीसारखी’ हा शब्द इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. आपल्या पूर्वजांच्या वाड्यांत चकचकीत लाकडी जमीन बहुधा नव्हतीच.

होळकर, शिंदे, पवार यांच्यासमवेत अठराव्या शतकात जी मराठी कुटुंबे माळव्यात आली, त्यांनी देशावरील बांधणीची रीत बरोबर आणली. दगडी तळखड्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळई, तुळईवर जवळजवळ मांडलेल्या कड्या आणि कड्यांवर आडव्या फळ्या, म्हणजे पाट. हा कडीपाट सर्वांच्या परिचयाचा असतो, कारण तो खालून दिसतो. पाटावर काय असे, ते मात्र आपण विसरलो. पाटावर वीतभर माती असे. देशावरील माळवदाचीच ही पद्धत, फक्त घराच्या आत आणलेली. माळव्याची काळी माती ओलाव्याने फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून या कामी पिवळी माती आणि मुरूम वापरीत. ती धुम्मस करून बसवायची आणि वर शेणाने सारवायचे. या मातीमुळे उन्हाळ्यात वरची खोली निववे, वरच्या मुलांची धावपळ खाली ऐकू येत नसे आणि खालच्या मजल्यावर पेट घेतलाच तर आग वर चढण्यास काही अवधी लागे.

अर्थात काही अवधीच. इंदूरच्या राजवाड्याचे सात मजले. खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. १८०१ साली सर्जेराव घाटगे यांच्या फौजेने इंदूर लुटले तेव्हा तो जळाला आणि १९८४ च्या दंगलीत पुन्हा त्याला आग लागली. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ साली जळाला, तो आज आपण दगडी चौथऱ्यांवरूनच ओळखतो. खांबच लाकडाचा असेल तर मातीने किती अडवावे?

पायाखाली उघडी, गुळगुळीत लाकडी जमीन ही आपल्याकडे आली ती मुख्यतः इंग्रजी चालीच्या इमारतींबरोबर. इंदुरातच लालबाग राजवाडा पाहावा. १८८६ ते १९२१ या काळात तो उभा राहिला. त्याच्या नृत्यदालनाची लाकडी जमीन स्प्रिंगांवर बसविलेली आहे. अशा जमिनीच्या फळ्या चालण्यासाठीच घडविलेल्या असतात. एकीची कड दुसरीच्या खाचेत बसते आणि रंधा मारलेली बाजू वर येते. कडीपाटाचा पाट याच्या नेमका उलट. त्याची रंधा मारलेली बाजू खाली, पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे. वरच्या बाजूस वाकसाचे घाव तसेच राहू दिलेले, कारण ती मातीखालीच जावयाची. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या वाड्यातील एखादी फळी उलटून पाहावी. ती बाजू तासून चकचकीत करणे म्हणजे पूर्वी कधीही नसलेल्या गोष्टीचा जीर्णोद्धार करणे होय.

हे शहाणपण मला स्वतःच्या चुकीतून आले. १९८७ साली, नोकरीत बदलीवर असताना, मी आमच्या माजघरावरची माती काढवून तेथे सिमेंट ओतविले. आजी सारवण्यास उरली नव्हती, आईस ते झेपत नव्हते आणि फरशी म्हणजे प्रगती, अशी आमची त्या वेळची समजूत. माती ओल घेते आणि सोडतेही. सिमेंटच्या भेगांतून शिरलेले पाणी मात्र तसेच पाटावर साचून राहिले. २०१६ साली ते फोडले तेव्हा भिंतीत गेलेली सात कड्यांची टोके हाताने चुरत होती. मधले लाकूड ठणठणीत होते. सागवानाचा गाभा सहसा दगा देत नाही. दगा त्याला कोंडण्यानेच होतो.

सुताराने कड्या बदलल्या नाहीत. कुजलेली टोके कापून जुन्या इमारतीतून निघालेले सागवान तिरक्या सांध्याने जोडले. नवे लाकूड नवी कड घेऊन आकसते-वाकते, जुने आपला स्वभाव सांगून बसलेले असते, असे त्याचे म्हणणे.

दिवाणखान्याची गोष्ट वेगळी होती. तो आजोबांनी १९२० नंतर इंग्रजी धर्तीवर वाढविला आणि तेथे खरोखरच चालण्याची लाकडी जमीन आहे. तिच्यावर साठ वर्षांचे मेण, काजळी आणि कोणीतरी फासलेला तांबडा ऑइलपेंट होता. ठेकेदाराने यंत्र आणले. सुतार म्हणाला, ‘‘साहेब, यंत्र डाग काढताना फळीही काढते. ही आणखी दोनदाच तासता येईल, मग खिळे वर येतील.’’ म्हणून सैल खिळे आत ठोकून, काचेच्या तुकड्यांनी हाताने खरवडून, दोन महिन्यांत ते काम झाले. वर चकाकते वॉर्निश न देता टर्पेंटाइन मिसळलेले अळशीचे तेल तीन वेळा पातळ दिले आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू दिला.

येथे एक सूचना आवश्यक आहे. अळशीच्या तेलाची फडकी चुरगळून ढिगाने टाकू नयेत; तेल वाळताना उष्णता धरते आणि फडकी आपोआप पेटू शकतात. आम्ही ती पाण्याच्या बादलीत टाकीत असू. लाकडी वाडे जळण्याच्या कथांवर वाढलेल्या शहरात एवढी सावधगिरी पाळलेली बरी.

माजघरावर पुन्हा पिवळी माती घातली. सारवणारे आता घरात कोणी नाही, म्हणून तिच्यावर चुन्याचा पातळ कोबा केला आहे. जुन्या रीतीप्रमाणे तेही अस्सल नव्हे, याची मला कल्पना आहे.