पेयांच्या रिकाम्या खोक्यांचा पुनर्वापर

फळांचे रस, दूध, ताक, लस्सी इत्यादी पेये ज्या बहुस्तरीय कागदी खोक्यांतून विकली जातात, ती खोकी रिकामी झाल्यावर फेकून न देता त्यांपासून घरगुती उपयोगाच्या वस्तू तयार करण्याच्या पद्धतीस पेयांच्या रिकाम्या खोक्यांचा पुनर्वापर असे म्हणतात. मराठीत अशा कामासाठी ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. पाकिटे, रोपांच्या कुंड्या, धान्य काढण्याची मापे, विणलेली आसने, कप्पे, बैठका आणि छताखालचे उष्णतारोधक पडदे अशा अनेक वस्तू या खोक्यांपासून तयार होतात. कागद, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम यांचे थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असल्यामुळे खोके मजबूत व जलरोधक बनते. त्याच कारणामुळे त्याचे पुनर्चक्रण मात्र अवघड होते.

संज्ञा

या खोक्यांना बोलीभाषेत सरसकट ‘टेट्रा पॅक’ म्हटले जाते. वास्तविक ते अशी खोकी व ती भरण्याची यंत्रे बनविणाऱ्या एका कंपनीचे नाव आहे. पुनर्वापर आणि पुनर्चक्रण या दोन संज्ञांत फरक आहे. पुनर्वापरात वस्तू मूळ द्रव्यासह, थोडाफार आकार बदलून, पुन्हा उपयोगात आणली जाते. पुनर्चक्रणात ती मोडून तिच्यातील द्रव्ये कारखान्यात वेगळी केली जातात किंवा त्यांपासून नवा माल घडविला जातो. टाकून दिलेल्या वस्तूपासून अधिक मूल्याची वस्तू करण्याला ‘अपसायकलिंग’ असे म्हणतात. हा शब्द १९९४ मध्ये जर्मन अभियंता राइनर पिल्झ यांच्या एका मुलाखतीनंतर प्रचारात आला.

ही कल्पना महाराष्ट्रातील घरांना नवी नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी किंवा वाकळ शिवणे, तेलाच्या रिकाम्या डब्यांत धान्य साठविणे अथवा तुळस लावणे, भिजविलेल्या रद्दीच्या लगद्यात मेथीचे पीठ मिसळून टोपल्या थापणे ही तिची परिचित उदाहरणे होत. पेयांच्या खोक्याचा मात्र घरी असा लगदा करता येत नाही, कारण त्यातील कागद दोन्ही बाजूंनी प्लास्टिकने झाकलेला असतो. म्हणून त्याच्या वस्तू कापून, दुमडून, शिवून अथवा विणून कराव्या लागतात.

इतिहास

स्वीडनमधील उद्योजक रुबेन राउसिंग यांनी १९५१ मध्ये लुंड या शहरात टेट्रा पॅक कंपनी स्थापन केली. तिची पहिली खोकी चतुष्फलकाच्या, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या आकाराची होती. त्यावरूनच कंपनीला नाव मिळाले. विटेच्या आकाराचे खोके १९६३ मध्ये आणि निर्जंतुक पद्धतीने भरले जाणारे विटेच्या आकाराचे खोके १९६९ मध्ये बाजारात आले. या पद्धतीत पेय सुमारे १३५ ते १५० अंश सेल्सिअसपर्यंत काही सेकंद तापवून थंड करतात आणि निर्जंतुक केलेल्या खोक्यात भरतात. त्यामुळे न उघडलेले दूध किंवा रस शीतकपाटाशिवाय काही महिने टिकतो. भारतात १९८५ मध्ये मुंबईच्या पारले ॲग्रो कंपनीने ‘फ्रूटी’ हे आंब्याचे पेय अशा खोक्यातून आणले. तेव्हापासून हे खोके शहरांतील दुकानांपासून गावोगावच्या टपऱ्यांपर्यंत पोहोचले.

रचना

निर्जंतुक पद्धतीने भरलेल्या खोक्यास साधारणतः सहा थर असतात. सर्वांत बाहेर पॉलिएथिलीन या प्लास्टिकचा पातळ थर असून त्याखाली छपाई केलेला जाड कागद असतो. कागदाच्या आत पुन्हा पॉलिएथिलीन, त्यानंतर ॲल्युमिनियमचा वर्ख आणि पेयाच्या बाजूला पॉलिएथिलीनचे दोन थर असतात. वजनाच्या दृष्टीने खोक्यात सुमारे ७५ टक्के कागद, २० टक्के पॉलिएथिलीन आणि ५ टक्के ॲल्युमिनियम असते.

प्रत्येक थराचे काम वेगळे आहे. कागदामुळे खोक्याला ताठपणा येतो. पॉलिएथिलीन ओलावा रोखते व थरांना एकमेकांशी जोडते. ॲल्युमिनियम प्रकाश आणि प्राणवायू आत येऊ देत नाही. वस्तू बनविताना हेच गुण उपयोगी पडतात. खोक्याचा पत्रा कात्रीने कापता येतो, घडी घातल्यावर तुटत नाही, सुईने शिवता येतो, ओल्या फडक्याने पुसता येतो आणि त्याची आतील बाजू चकचकीत असते.

पूर्वतयारी

खोके रिकामे झाल्याबरोबर धुणे ही पहिली पायरी होय. दुधाचा किंवा रसाचा अंश कोपऱ्यांत राहिल्यास एक-दोन दिवसांत आंबूस वास येतो आणि मुंग्या व माश्या येतात. खोक्याच्या चारही टोकांचे चिकटविलेले त्रिकोणी कान उघडून वरची बाजू कापावी, थोड्या साबणाच्या पाण्याने आतून धुवावे आणि उपडे ठेवून वाळवावे. सपाट पत्रा हवा असल्यास मागील जोडावर उभा छेद देऊन व तळ कापून खोके उलगडावे. एक लिटरच्या खोक्यापासून सुमारे ३० सेंटिमीटर रुंदीचा पत्रा मिळतो. कापलेल्या कडेला कागद उघडा पडतो व तेथून पाणी शोषले जाते. म्हणून ज्या वस्तूंचा पाण्याशी संबंध येतो त्यांच्या कडा दुमडून घ्याव्यात किंवा त्यांवर चिकटपट्टी लावावी.

घरगुती वस्तू

पाकीट : एक लिटरच्या खोक्याची वरची व खालची टोके कापली म्हणजे चौकोनी नळी उरते. तिच्या दोन्ही अरुंद बाजू आत दुमडून ती सपाट करतात आणि तिच्या तीन समान घड्या घालतात. वरच्या तिसऱ्या भागाची पुढील व बाजूची पाने कापून टाकल्यास मागील पान झाकणासारखे उरते. खालच्या दोन भागांचे दोन कप्पे होतात. ते पाठीला पाठ लावून टाचतात किंवा शिवतात. झाकणाला बटण अथवा चिकटफीत लावली की नाणी, नोटा आणि बसचा पास ठेवण्याजोगे पाकीट तयार होते.

रोपांची कुंडी : वरची बाजू कापलेल्या खोक्याच्या तळाला तीन-चार भोके पाडून माती व शेणखत भरतात. मिरची, टोमॅटो, वांगी, शेवगा, पपई यांची रोपे त्यात वाढविता येतात. लागवडीच्या वेळी खोके उभे चिरून रोप मातीच्या गोळ्यासह बाहेर काढावे. खोक्यासह रोप जमिनीत लावू नये. कागद कुजून जातो, परंतु प्लास्टिक व वर्ख मातीत तसेच राहतात.

माप : खोक्याचे तोंड तिरपे कापल्यास धान्य, पीठ, पक्ष्यांचे दाणे किंवा खत काढण्याचे हलके माप बनते. खतासाठी वापरलेले माप पुन्हा अन्नासाठी वापरू नये.

विणलेले आसन व टोपली : सपाट पत्र्याच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या कापून त्यांच्या दोन्ही कडा आत दुमडतात. उभ्या व आडव्या पट्ट्या नवारीच्या खाटेप्रमाणे एकाआड एक गुंफल्या की आसन, ताटाखालची चटई किंवा टोपली तयार होते. दुमडलेल्या पट्टीत कागदाची कड आत राहते, त्यामुळे वस्तू अधिक टिकते.

बैठक : न कापलेल्या, धुऊन वाळविलेल्या खोक्यांत रद्दी ठासून भरतात. अशी सहा-सात खोकी उभी जुळवून चिकटपट्टीने बांधतात व त्यांवर पुठ्ठा आणि जुन्या कापडाची गादी बसवितात. मुलांना बसण्यासाठी ती पुरेशी मजबूत असते.

याखेरीज कपाटाच्या खणातील कप्पे, पेन ठेवण्याचे डबे, वह्यांची वेष्टने आणि उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी पाणी ठेवण्याची भांडी अशा वस्तूही केल्या जातात. शाळांतील कार्यानुभवाच्या तासाला हे साहित्य सोयीचे ठरते, कारण त्यासाठी कात्री, सुई-दोरा व पट्टी यांपलीकडे फारसे काही विकत आणावे लागत नाही.

उष्णतारोधक म्हणून उपयोग

ब्राझीलच्या दक्षिण भागात स्वयंसेवक खोक्यांचे पत्रे एकमेकांना शिवून मोठे पडदे तयार करतात आणि गरीब कुटुंबांच्या लाकडी घरांच्या भिंतींना आतून लावतात. त्यामुळे फटींतून येणारा थंड वारा अडतो. मराठवाड्यासारख्या उष्ण प्रदेशात याच गुणाचा उपयोग उलट दिशेने होऊ शकतो. तापलेला पत्रा खालच्या दिशेने उष्णता प्रारित करतो. चकचकीत पृष्ठभाग तिचा काही भाग परावर्तित करतो. त्यासाठी चकचकीत बाजू छताकडे असावी आणि छत व पडदा यांच्यामध्ये हवेची मोकळी जागा असावी. पडदा पत्र्याला चिकटवून बसविल्यास परावर्तनाचा लाभ मिळत नाही. खोक्याचा पत्रा ज्वलनशील असल्यामुळे चुलीच्या, गॅसच्या शेगडीच्या किंवा विजेच्या उघड्या जोडण्यांच्या वर असा पडदा लावणे धोक्याचे आहे.

मर्यादा व सुरक्षितता

पॉलिएथिलीन सुमारे १०५ ते ११५ अंश सेल्सिअसला वितळते. चुलीवरून नुकतेच उतरविलेले भांडे खोक्याच्या आसनावर ठेवू नये, तसेच खोक्यात उकळते पाणी किंवा गरम तेल ओतू नये. वर्खामुळे हे खोके मायक्रोवेव्हमध्ये ठेवता येत नाही. घरी धुतलेले खोके स्वच्छ होते, निर्जंतुक होत नाही. म्हणून त्यात पुन्हा दूध, पिण्याचे पाणी किंवा लोणचे साठवू नये.

कीटकनाशक, रॉकेल किंवा फिनेल पेयाच्या खोक्यात ठेवणे अत्यंत धोकादायक आहे. वरचे आंब्याचे चित्र पाहून लहान मूल ते पिण्याची शक्यता असते. शेतीची औषधे नेहमी मूळ बाटलीतच ठेवावीत.

खोकी जाळणेही टाळावे. उघड्यावर जाळल्यास पॉलिएथिलीनचा धूर होतो आणि ॲल्युमिनियम राखेत उरते. पुनर्वापरामुळे खोक्याचे आयुष्य वाढते, पण कचरा कायमचा संपत नाही. पाकीट फाटले किंवा कुंडी जीर्ण झाली की तीच द्रव्ये पुन्हा कचऱ्यात येतात. माती, गोंद व कापड लागलेले खोके पुनर्चक्रणासाठी कमी उपयोगी ठरते. त्यामुळे जेथे संकलनाची सोय आहे तेथे जादा खोकी स्वच्छ व सपाट करून संकलनास देणे अधिक योग्य होय.

पुनर्चक्रण

पुनर्चक्रणाच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिल्या पद्धतीत खोकी पाण्याच्या मोठ्या टाकीत घुसळतात. कागदाचे तंतू सुटून लगदा होतो व त्यापासून कागद किंवा पुठ्ठा तयार करतात. उरलेल्या प्लास्टिक-ॲल्युमिनियम मिश्रणाचे दाणे अथवा पत्रे होतात. दुसऱ्या पद्धतीत संपूर्ण खोक्यांचे बारीक तुकडे करून ते उष्णता व दाब देऊन फळीच्या रूपात दाबतात. वितळलेले पॉलिएथिलीनच डिंकाचे काम करते, त्यामुळे वेगळा डिंक लागत नाही.

महाराष्ट्रात पहिल्या पायरीची, म्हणजे संकलनाची, उल्लेखनीय उदाहरणे मुंबईत आढळतात. २०१० पासून टेट्रा पॅक कंपनी, आर यू आर ग्रीनलाइफ ही संस्था आणि सहकारी भांडारसारखी दुकाने यांच्या सहभागातून नागरिकांकडून रिकामी खोकी स्वीकारण्याची केंद्रे सुरू झाली. ‘कार्टन ले आओ, क्लासरूम बनाओ’ या मोहिमेत जमलेल्या खोक्यांपासून बनविलेल्या फळ्यांची बाके गरजू शाळांना देण्यात आली.

नियम

केंद्र शासनाच्या घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार घरातील कचरा ओला, सुका व घरगुती घातक अशा तीन भागांत वेगळा करणे आवश्यक ठरविण्यात आले. रिकामे खोके सुक्या कचऱ्यात मोडते. सार्वजनिक जागी कचरा टाकणे, जाळणे व पुरणे यांस या नियमांनी मनाई केली. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीचे तत्त्व असून त्याची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या काही प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. त्यांत प्लास्टिकच्या नळ्यांचा समावेश असल्याने लहान खोक्यांना कागदी नळ्या जोडल्या जाऊ लागल्या.

ग्रामीण भागातील स्थिती

एक लिटरच्या रिकाम्या खोक्याचे वजन सुमारे २८ ग्रॅम असते. एक किलो वजन भरण्यास अशी सुमारे ३५ खोकी लागतात. लहान, २०० मिलिलिटरची खोकी असल्यास शंभराहून अधिक लागतात. वजनावर भाव ठरणाऱ्या भंगाराच्या व्यवहारात लोखंड, बाटल्या व रद्दी यांच्या तुलनेत हा माल हलका आणि जागा व्यापणारा ठरतो. पुनर्चक्रण करणारा कारखाना जितका दूर, तितका वाहतुकीचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा वाढतो.

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यातील शहागड हे अशा अडचणीचे स्वरूप समजण्यास उपयुक्त उदाहरण आहे. हे गाव गोदावरीच्या काठी, पैठणच्या जायकवाडी धरणाच्या खालच्या बाजूस आणि सोलापूर–धुळे महामार्गावर वसले आहे. महामार्गावरील गावात स्थानिक कुटुंबांबरोबरच येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांचा कचराही पडतो आणि नदीकाठच्या गावात उघड्यावरील हलका कचरा पावसाळ्यात ओढ्या-नाल्यांवाटे नदीत जाण्याचा धोका असतो. मुंबईसारखी संकलन केंद्रे हाताशी नसलेल्या गावांत खोके धुऊन घरात वापरणे हा सर्वांत जवळचा उपाय ठरतो. शाळेच्या परसबागेसाठी रोपांच्या कुंड्या करणे आणि उरलेली खोकी सपाट करून एका पोत्यात कोरडी साठविणे या दोन गोष्टींना खर्च येत नाही. सपाट केलेली खोकी फार कमी जागा घेतात. त्यामुळे अनेक घरे, शाळा व दुकाने यांचा माल एकत्र साठल्यास तो जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविण्याइतके वजन भरू शकते.