दाबून ठेवलेल्या पानातली अळी: एका पतंगाचं मूळ गाव कसं सापडलं

लिंबाच्या कोवळ्या पानावर नागमोडी चंदेरी रेघ दिसते, तिला आपले शेतकरी ‘नागअळी’ म्हणतात. अळी पानाच्या पापुद्र्याच्या आत राहते आणि पोखरत पुढे सरकते. पान पोखरणाऱ्या अशा किड्यांच्या असंख्य जाती जगभर आहेत. त्यातल्याच एका जातीची ही गोष्ट. पतंग जेमतेम ५ मिलिमीटरचा, पण त्याचं मूळ शोधताना शास्त्रज्ञांची पंचवीस वर्षं गेली.

प्रश्न कुठून सुरू झाला?

१९८४ च्या सुमारास तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या ओहरिड सरोवराजवळ हॉर्स चेस्टनटची झाडं ऐन उन्हाळ्यात तपकिरी पडू लागली. पानात सापडलेला पतंग विज्ञानाला नवा होता. १९८६ मध्ये डेश्का आणि दिमिच यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि सरोवरावरून नाव दिलं, कॅमेरेरिया ओहरिडेला. १९८९ मध्ये तो ऑस्ट्रियातल्या लिंझ शहराजवळ दिसला आणि २००२ मध्ये थेट लंडनमध्ये. वर्षाला साधारण तीन पिढ्या, शिवाय मोटारगाड्यांबरोबर आणि गळलेल्या पानांबरोबर होणारा प्रवास. त्यामुळे काही वर्षांतच त्याने जवळजवळ सगळा युरोप व्यापला.

झाड सहसा मरत नाही. पण व्हिएन्नापासून लंडनपर्यंत रस्त्यारस्त्यांवर, बागाबागांतून हीच झाडं लावलेली आहेत, आणि ऑगस्टमध्येच पानगळ झाल्यासारखं दृश्य दिसू लागलं. मग साहजिकच प्रश्न आला, हा पाहुणा आला कुठून?

उत्तर नुसत्या कुतूहलासाठी नको होतं. कीड परकी असेल तर तिच्या मूळ देशात जाऊन तिचे नैसर्गिक शत्रू शोधता येतात. त्यासाठी आधी तो देश माहीत हवा. चुकीच्या खंडात शोध घेतला, तर वर्षं आणि पैसा दोन्ही वाया.

‘परकीच असणार’ असं का वाटलं?

हा तर्क नीट बघा, कारण तो अजिबात मूर्खपणाचा नव्हता. कॅमेरेरिया वंशाच्या बहुतेक जाती उत्तर अमेरिकेतल्या, युरोपात या वंशाची दुसरी जात नाही. स्थानिक परजीवी गांधीलमाश्या या अळीवर फारशा वाढत नव्हत्या, म्हणजे त्यांची जुनी ओळख नसावी. शिवाय पसरण्याचा वेग परक्या कीडीला शोभेल असा. आणि शेवटचा मुद्दा म्हणजे, इतकं ठळक नुकसान करणारा किडा युरोपातच असता, तर शंभर-दीडशे वर्षांत कुणाच्याच नजरेला कसा पडला नाही?

पण काही जणांना तो बाल्कन भागातलाच असावा असं वाटत होतं. २००९ मध्ये डीएनएच्या अभ्यासाने त्यांच्या बाजूने पुरावा दिला. बाल्कन डोंगरांतल्या नैसर्गिक झाडांवरच्या पतंगांमध्ये जनुकीय विविधता भरपूर होती, शहरांत लावलेल्या झाडांवरच्या पतंगांमध्ये अगदी थोडी. साधारणपणे जात जिथे जुनी, तिथे विविधता जास्त. आता हवा होता कागदोपत्री पुरावा, ‘हा किडा १९८४ पूर्वीही इथे होता’ असं दाखवणारा.

१८७९ चं पान

इथे झाडाचाच इतिहास मदतीला आला. हॉर्स चेस्टनट सोळाव्या शतकात इस्तंबूलमार्गे व्हिएन्नाला पोहोचलं. तिथे क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते वाढवलं आणि पुढे युरोपभर त्याची लागवड झाली. पण ते रानात कुठे उगवतं हेच नीट माहीत नव्हतं. कितीतरी काळ ते आशियातलं समजलं जात होतं. अथेन्समध्ये काम करणाऱ्या थिओडोर फॉन हेल्ड्राइख या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये ग्रीसच्या डोंगरांतली रानटी झाडं पाहून हा वाद मिटवला. पुरावा म्हणून फांद्या गोळा केल्या, दाबल्या, वाळवल्या. ती पानं हर्बेरियममध्ये गेली.

वनस्पतीसाठी गोळा केलेल्या पानात किडाही दाबला गेला असेल तर? डेव्हिड लीस आणि सहकाऱ्यांनी युरोपातली हर्बेरियमं याच प्रश्नाने चाळली. जुन्या पानांवर डाग सापडले, डागांच्या आत, पापुद्र्यांच्या पाकिटात, चपट्या झालेल्या अळ्या. जुना डीएनए तुकडे तुकडे झालेला असतो, म्हणून त्यांनी छोटे छोटे भाग वाचले. २०११ मध्ये निष्कर्ष आला. १८७९ च्या नमुन्यातली अळी कॅमेरेरिया ओहरिडेलाचीच होती.

म्हणजे झाडाचं मूळ गाव सिद्ध करायला जमवलेल्या पानांनी सव्वाशेहून अधिक वर्षांनी त्यावरच्या किड्याचंही गाव सांगितलं. नमुन्यांतून हेही कळलं की स्थानिक उद्रेक निदान १९६१ पासून होत होते. डोंगरात रस्ते झाल्याने तिथला पतंग बाहेर पडला असावा, असं अभ्यासकांनी सुचवलं.

आपण यातून काय घ्यायचं?

पहिलं, ‘नोंद नाही’ म्हणजे ‘नव्हतंच’ असं नाही. रानटी झाडं दुर्गम घळींमध्ये आहेत, तिथे पतंग शोधायला कोण जाणार? त्यात वनस्पतिशास्त्रज्ञ नमुन्यासाठी शक्यतो स्वच्छ, निरोगी फांदी निवडतो. त्यामुळे हर्बेरियममध्ये अळी सापडली तर तो भक्कम पुरावा, पण न सापडणं हा पुरावा नव्हे. संशोधन आराखडा लिहिताना हा फरक एका वाक्यात मांडता आला पाहिजे.

दुसरं, नमुना ज्या प्रश्नासाठी गोळा केला त्याच प्रश्नापुरता तो नसतो. हेल्ड्राइखच्या काळात डीएनए हा शब्दही नव्हता. पण त्याने ठिकाण आणि तारीख लिहून ठेवली, म्हणून तो नमुना आज बोलला. तुमच्या लेबलवर ‘पश्चिम घाट, पावसाळा’ एवढंच असेल, तर शंभर वर्षांनी तो मुका राहील.

तिसरं, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं आणि आघारकर संस्थेचं हर्बेरियम आहे, मुंबईत झेव्हियर्स कॉलेजमध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे. विषय कीटकांचा असला तरी एकदा जाऊन पानं उलटून बघा. नमुन्याचा तुकडा काढायचा असेल तर लेखी परवानगी लागते, कारण एकदा कापलेलं पान परत जोडता येत नाही. पण नुसतं बघायला भिंग आणि सवड पुरते. पानावर रेघ किंवा डाग दिसला, तर शीट क्रमांक, ठिकाण आणि तारीख वहीत उतरवा. संशोधनाचा प्रश्न बरेचदा तिथेच सापडतो.