गोंदण: लेणं की डाग?

आपल्या आज्या म्हणायच्या, सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं सोबत येतं. हनुवटीवरचा ठिपका, हातावरची तुळस हे त्यांचं लेणं.

पण याच सुईनं माणसं डागलीही गेली. १७९७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं बंगालमध्ये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदवण्याचा नियम केला. तो १८४९ मध्ये कायद्यानं बंद झाला. सुई तीच, मर्जी मात्र सरकारची.

आज्यांनाही लहानपणी कुणी विचारलं होतं? कितीजणींना धरूनच बसवलं.

आज लेक टॅटू मागते, सून जुनं गोंदण लेझरनं काढायचं म्हणते. गटात वाद होतात, होऊ द्या. पण अंग तिचं, आधी तिला विचारा. अन् सुई कोरीच हवी. वापरलेल्या सुईतून कावीळ, एचआयव्ही पसरतो.