मातेरा : 'राष्ट्रीय लाज' ते जागतिक वारसा

दक्षिण इटलीतील बाझिलिकाता प्रदेशात, ग्राविना नदीच्या खोल दरीच्या काठावर मातेरा हे प्राचीन शहर वसले आहे. दरीच्या उतारावर मऊ चुनखडीच्या खडकात कोरलेल्या गुहाघरांमुळे ते जगभर ओळखले जाते. या परिसरात अश्मयुगापासून मानवी वस्ती असल्याचे पुरावे सापडले आहेत. मात्र, जी घरे देशाची लाज मानून इटलीच्या सरकारने १९५० च्या दशकात रिकामी करायला घेतली, त्याच घरांना १९९३ मध्ये 'युनेस्को'ने जागतिक वारशाचा दर्जा दिला. हा विरोधाभास ठाऊक असल्याशिवाय मातेराची भेट पूर्ण होत नाही.

खडकात कोरलेली वस्ती

गुहांच्या या जुन्या वस्तीला 'सास्सी' म्हणतात. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ 'दगड'. सास्सो कावेओसो आणि सास्सो बारिसानो असे तिचे दोन भाग असून, त्यांच्या मधल्या चिविता या उंचवट्यावर तेराव्या शतकातील कॅथेड्रल उभे आहे. गुहा कोरताना निघालेल्या दगडाचे चिरे करून त्यांचीच दर्शनी भिंत बांधली जाई. त्यामुळे बाहेरून साधे घर दिसले, तरी आतील खोल्या थेट डोंगराच्या पोटात शिरलेल्या असतात. खालच्या घराचे छप्पर म्हणजे वरच्या घराचे अंगण किंवा रस्ता, अशी ही रचना आहे.

पाण्याची व्यवस्था त्याहून विलक्षण होती. पावसाचे पाणी पन्हळींतून घरोघरच्या घंटेच्या आकाराच्या टाक्यांत साठवले जाई. व्हित्तोरियो व्हेनेतो चौकाखालील 'पालोम्बारो लुंगो' हा भव्य हौद सुमारे ५० लाख लिटर क्षमतेचा आहे. नळाचे पाणी आल्यावर विस्मृतीत गेलेला हा हौद १९९१ मध्ये पुन्हा उजेडात आला.

स्थलांतराचा कायदा

लोकसंख्या वाढत गेली, तसतशी गोठे, कोठारे आणि पाण्याची टाकीही राहण्यासाठी वापरली जाऊ लागली. एकाच गुहेत मोठे कुटुंब, खेचर आणि कोंबड्या एकत्र राहत. हवा-उजेड नाही, सांडपाण्याची सोय नाही. परिणामी मलेरिया आणि डोळ्यांच्या खुपरीने ठाण मांडले. बालमृत्यूंचे प्रमाण भयावह होते.

मुसोलिनीच्या राजवटीने याच प्रदेशात हद्दपार केलेले लेखक-चित्रकार कार्लो लेव्ही यांच्या 'ख्राइस्ट स्टॉप्ड ॲट इबोली' (१९४५) या पुस्तकाने ही दैना देशापुढे मांडली. वाटसरूकडे क्विनाइन मागणाऱ्या तिथल्या मुलांचे वर्णन वाचून इटली हादरली. पंतप्रधान आल्चिदे दे गास्पेरी यांनी १९५० मध्ये सास्सीला भेट दिली आणि १९५२ मध्ये स्थलांतराचा विशेष कायदा झाला. पुढील काळात सुमारे १५ हजार रहिवाशांना ला मार्तेल्लासारख्या नव्या वसाहतींत हलविण्यात आले. त्यांना उजेड, पाणी आणि स्वच्छता मिळाली; पण सामाईक अंगणाभोवती पिढ्यान् पिढ्या टिकलेला शेजार मात्र विखुरला.

पुनरुज्जीवन

ओस पडलेल्या या वस्तीत पिएर पाओलो पासोलिनी यांनी १९६४ च्या ख्रिस्तचरित्रपटाचे, तर मेल गिब्सन यांनी 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' (२००४) चे चित्रीकरण केले. १९८६ च्या कायद्याने दुरुस्तीसाठी निधी मिळाला. २०१९ मध्ये मातेरा 'युरोपची सांस्कृतिक राजधानी' ठरले. आज अनेक गुहांत हॉटेले आणि उपाहारगृहे थाटली आहेत. वास्तू वाचल्या, पण एके काळच्या दाट लोकवस्तीची जागा आता मुख्यतः पाहुण्यांनी घेतली आहे.

काय पाहावे?

कावेओसो भागातील 'कासा ग्रोत्ता' या संग्रहालयात गुहेतील संसार जसाच्या तसा मांडला आहे. एकाच खोलीतील उंच पलंग, हातमाग आणि खेचराची जागा पाहिली, की स्थलांतराचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. खडकात कोरलेल्या दीडशेहून अधिक चर्चपैकी सांता मारिया दे इद्रिस आवर्जून पाहावे. दरीपलीकडील मुर्जा पठारावरून संपूर्ण सास्सी एका नजरेत दिसते. येथील पावही प्रसिद्ध आहे. सामाईक भट्टीत आपला पाव ओळखू यावा म्हणून प्रत्येक कुटुंब त्यावर लाकडी शिक्का उमटवत असे.

कसे जावे?

सर्वांत जवळचा मोठा विमानतळ बारी येथे, सुमारे ६५ किलोमीटरवर आहे. बारीहून छोट्या रेल्वेने किंवा बसने मातेरा गाठता येते. रविवारी व सुटीच्या दिवशी वेळापत्रक बदलते, त्यामुळे आधी चौकशी करावी. एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ सोयीचा. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन तापते. गुळगुळीत झालेल्या दगडी पायऱ्या पावसात निसरड्या होतात, म्हणून घट्ट पकडीचे बूट आणि कमीत कमी सामान सोबत ठेवावे. किमान एक मुक्काम करावा. संध्याकाळी दिवे लागल्यावर दिसणारी सास्सी दिवसा दिसत नाही.