कात्री कोणाच्या मालकीची?

चित्रपटाच्या इतिहासात नटनट्यांची नावे राहिली, दिग्दर्शकांची राहिली. कात्री चालविणारे हात मात्र बहुतेक अंधारातच राहिले. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला, त्यामागे कोऱ्या फिल्मला भोके पाडण्याचे आणि रसायने कालविण्याचे कष्ट सरस्वतीबाई फाळक्यांचे होते. पुढे १९२४ मध्ये मूव्हिओला हे यंत्र हॉलिवूडच्या संकलकांच्या मेजावर आले, १९८९ मध्ये अ‍ॅव्हिडचे संगणकीय संकलन आले. यंत्र सुधारत गेले, पण ते सदैव ज्याच्याजवळ भांडवल त्याचेच.

संगणक स्वस्त झाल्यावर हा प्रश्न सुटायला हवा होता. तो सुटला नाही, कारण हत्यार आता लोखंडाचे न राहता सॉफ्टवेअरचे झाले आणि ते भाड्याने मिळू लागले. आमच्या युनियनच्या सभांचे चित्रण अशाच एका भाड्याच्या प्रोग्राममध्ये जुळविलेले होते. हप्ता थकला आणि आमचेच काम आम्हांला उघडता येईना! गिरणीचे दार बंद होणे म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

ह्या मालकीला पहिले उघड आव्हान १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी दिले. प्रोग्राम वापरावा, तपासावा, बदलावा, शेजाऱ्याला द्यावा, हे हक्क त्यांनी मागितले, आणि १९८९ च्या जीपीएल परवान्याने त्यांना कायद्याचे कवच दिले. पण मला मोह पडतो तो हॉलंडमधल्या एका हकिकतीचा. टॉन रोझेंडाल यांचा ब्लेंडर हा प्रोग्राम ज्या कंपनीकडे होता, ती २००२ च्या आरंभी गुंतवणूकदारांनी बंद केली. एक लाख युरो द्या आणि सोर्स कोड मोकळा करा, असा सौदा ठरला. वर्गणी निघाली, आणि सात आठवड्यांत रक्कम उभी राहिली! वर्गणीसाठी दारोदार फिरलेल्या माणसाला ह्या सात आठवड्यांची किंमत विचारा. १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर सर्वांचा झाला. त्याच ब्लेंडरवर घडविलेल्या 'फ्लो' ह्या लॅटव्हियाच्या चित्रपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळाले.

ब्लेंडर मुख्यतः सचेतपटांसाठी. नुसती कापणी-जोडणी शिकणाऱ्याने केडेनलाइव्ह घ्यावा. त्याचेही काम २००२ मध्येच जेसन वुड यांनी आरंभिले. त्याच्या पायाशी एमएलटी आहे, आणि फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेला एफएफएमपेगही आहे.

आरंभ कसा करावा? सर्व चित्रण एका फोल्डरमध्ये ठेवावे आणि मग हलवू नये. प्रोग्राम मूळ चित्राला हात लावीत नाही; कोठून कोठपर्यंत घ्यायचे एवढीच नोंद तो ठेवतो. जुन्या संकलकाने निगेटिव्ह जपून ठेवून कामाच्या प्रतीवर कात्री चालवावी, तसेच हे. म्हणून कापण्याची भीती बाळगू नये. फाइल जागेवरून हलली तर मात्र नोंद आंधळी होते. संगणक दुबळा असेल तर प्रॉक्सी, म्हणजे हलकी प्रत, करून घ्यावी. प्रथम आवाज ऐकून निरुपयोगी भाग काढावा, चित्रे नंतर जुळवावीत. भाषणाच्या चित्रणात तरी हाच क्रम बरा. शेवटी 'रेंडर' केले की वेगळी फाइल तयार होते. जुन्या संगणकावर त्याला वेळ लागतो. तेवढ्यात चहा होतो.