जुन्या गलबतांची खरेदी व किंमतीचा विचार

जुन्या दप्तरांत मचवा, पडाव किंवा गलबत विकत घेतल्याचा उल्लेख आढळला म्हणजे रुपयांचा आंकडा तेवढा टिपून ठेवण्याची संवय आपणां संग्राहकांस आहे. आमच्या मतें असा सुटा आंकडा फसवा होय. तो कां, हें साष्टीच्या किनाऱ्यावर, म्हणजे हल्लींच्या मुंबई उपनगर जिल्ह्यांतील वेसावें, मढ, मनोरी व गोराई येथें, वापरलेल्या होडीची पारख करूं जातां ध्यानांत येतें.

पहिला विचार लांकडाचा. सागवान टिकाऊ खरें. तथापि खाऱ्या पाण्यांत लांकूड पोखरणारे जीव असतात, व वरून धड दिसणारी फळी आंतून पोकळ निघते. म्हणून नाव पाण्यांत असतां भाव ठरवूं नये. पावसाळ्यांत ती किनाऱ्यावर ओढलेली असतां तळ ठोकून पाहावा. दुसरा विचार सामानाचा. डोलकाठी, शीड, सुकाणूं, नांगर व दोर किंमतींत धरले कीं वेगळे, यावर मोठा फरक पडतो. आज शिडाच्या जागीं इंजिन आलें, इतकेंच.

तिसरा विचार मापाचा. गलबताचा भार खंडींत सांगत. परंतु मुंबईची साधी खंडी ५६० पौंडांची, तर कापसाची ७८४ पौंडांची. म्हणजे शंभर खंडींचें गलबत एका मापानें २५ टनांचें, तर दुसऱ्यानें ३५ टनांचें होतें. चौथा विचार नाण्याचा. साष्टी १७३९ च्या सुमारास मराठ्यांकडे आली व १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं घेतली. कंपनीचा एकछाप रुपया १८३५ त सुरू झाला. तत्पूर्वीं नाण्यानाण्यांत बट्टा असे. तेव्हां दोन खरेदीपत्रांतील सारखे आंकडे सारखी किंमत दाखवितीलच असें नाहीं.

रास्त किंमत म्हणजे काय, याविषयीं आज्ञापत्रांतील आरमारप्रकरण मननीय आहे. आरमारास लांकूड हवें असलें तरी रयतेच्या आंबा-फणसांस हात लावूं नये. एखादें झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झालें असेल तर धन्यास राजी करून व द्रव्य देऊन तें न्यावें, जुलूम करूं नये, असा तेथील आशय आहे. सरकारलाही मालकाची राजीखुषी हीच किंमतीची कसोटी मानावी लागे, हें यांतून स्पष्ट होतें.

यास्तव संग्राहकांस आमची विनंती एवढीच: खरेदीपत्र मिळाल्यास त्यासोबतची सामानाची यादी, भाराचा दाखला व बट्ट्याचा हिशेब हे क्षुल्लक चिटोरे म्हणून टाकूं नयेत, व वेगळ्या रुमालांत बांधूं नयेत. ते एकदां सुटले म्हणजे उरलेला आंकडा वाचतां येतो, पण त्याचा अर्थ लागत नाहीं.