मालवण : वाट्याची रीत पाळणारे शहर

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण हे अरबी समुद्राच्या काठी माडांच्या सावलीत वसलेले टुमदार शहर आहे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि मालवणची ओळख किल्ला, कोंबडी-वडे, सोलकढी आणि तारकर्लीची पांढरी वाळू अशी सर्वदूर झाली. येथील रीतीभाती मात्र पाहुण्यांना बहुधा गमतीच्या वाटतात. जवळून पाहिल्यास, समुद्राचे देणे कोणी किती घ्यायचे याचे अलिखित नियम त्यांत सापडतात.

किल्ला आणि सोन्याचा नारळ

कुरटे बेटावरील सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी केली. त्यापूर्वी किनाऱ्यावर जेथे पूजन झाले, ते ठिकाण आजही ‘मोरयाचा धोंडा’ म्हणून ओळखले जाते. चहूबाजूंनी खारे पाणी असूनही किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तिन्ही विहिरींचे पाणी गोडे आहे. राजाराम महाराजांच्या काळात उभारलेल्या शिवराजेश्वर मंदिरातील शिवरायांची मूर्ती दाढीविना आहे. किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात व त्यांचा बाजारहाट होडीनेच होतो.

नारळी पौर्णिमेला किल्ल्यावरून आणि शहरातून समुद्राला श्रीफळ अर्पण केले जाते. बाजारपेठेतून वाजतगाजत बंदराकडे जाणारा मानाचा ‘सोन्याचा नारळ’ पाहण्यास सारे शहर लोटते. त्याच दिवशी नारळ लढविण्याचा खेळ रंगतो. एकाने नारळ हातात घट्ट धरावा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर प्रहार करावा; ज्याचा फुटेल तो हरला. कठीण कवटीचा नारळ आधीपासून हेरून ठेवणारे शौकीन येथे आहेत. अलीकडे महिलांच्याही स्पर्धा भरतात. विधी आटोपल्यावर पारंपरिक मच्छीमार पावसाळ्यानंतरच्या मासेमारीचा शुभारंभ मानतात.

गाऱ्हाणे आणि गावपळण

मालवणात शुभकार्य गाऱ्हाण्यावाचून सुरू होत नाही. जाणता माणूस ग्रामदेवतेला आणि सीमेवरील देवचारापर्यंत सर्वांना साद घालून मागणे मांडतो. प्रत्येक वाक्यागणिक जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा!’ अशी साथ देतात. मागणे एकट्यासाठी नसते. घरादाराची, गुराढोरांची आणि मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांचीही राखण त्यात मागितली जाते.

तालुक्यातील आचरे गावाची गावपळण याहूनही विलक्षण आहे. साधारणतः दर तीन-चार वर्षांनी श्री देव रामेश्वराचा कौल घेऊन सारा गाव तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर जातो. गुरेढोरे, कोंबडी-कुत्री सोबत नेली जातात. हिंदूंसोबत अन्यधर्मीय ग्रामस्थही घरांना कुलूप लावतात. वेशीबाहेर झावळ्यांच्या राहुट्या उभ्या राहतात, सामायिक पंगती उठतात, भजने रंगतात. पुन्हा कौल मिळाल्यावरच गाव परततो. श्रद्धेचा भाग वेगळा ठेवला तरी श्रीमंत-गरीब सारखेच उघड्यावर राहतात, ही या प्रथेची मोठी शिकवण होय.

देवस्थानांच्या जत्रांत रात्रभर चालणारा दशावतार हेही येथील वैशिष्ट्य. लिखित संहिता नसते. कलावंत संवाद जागच्या जागी रचतात आणि स्त्री भूमिकाही परंपरेने पुरुषच करीत आले आहेत. जत्रेहून परतताना आले-गुळाच्या पाकातील खाजा घरी नेण्याचा शिरस्ता चुकत नाही. येथील तिखट-मिश्कील बोलीला गंगाराम गवाणकर लिखित आणि मच्छिंद्र कांबळी यांनी गाजविलेल्या ‘वस्त्रहरण’ने १९८० पासून मराठी रंगभूमीवर मानाचे स्थान मिळवून दिले.

रापणीचा वाटा

वाट्याची ही रीत सर्वांत स्पष्ट दिसते ती रापणीत. अनेक सभासदांच्या जाळ्यांचे तुकडे जोडून एक लांबलचक जाळे तयार होते. होडीतून ते अर्धवर्तुळात सोडतात आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसे ओढतात. तारली, बांगडा जे मिळेल त्याचे जाळे, होडी आणि मेहनत यांच्या हिशेबाने वाटे पडतात. दोरीला हात लावणारा वाटसरूही सहसा रिकाम्या हाती परतत नाही.

रापणीला दोन गोष्टी लागतात : किनाऱ्याजवळ येणारी मासळी आणि मोकळी पुळण. आज दोन्ही आक्रसत आहेत. पर्ससीन जाळ्यांनी मासळीचे थवेच्या थवे किनाऱ्याला लागण्यापूर्वीच उचलले जातात, अशी पारंपरिक मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. राज्य शासनाने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७ मध्ये प्रखर दिव्यांच्या साह्याने होणाऱ्या मासेमारीस बंदी केली आणि २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यातील दंडाची तरतूद कठोर झाली. तरीही अंमलबजावणीसाठी येथील मच्छीमारांना वारंवार आंदोलने करावी लागली. दुसरीकडे जलक्रीडा आणि निवास-न्याहारीच्या व्यवसायाने अनेक मच्छीमार कुटुंबांना हातभार लावला. पण जेथे रापण ओढायची, तेथेच पर्यटकांच्या नौका उभ्या राहू लागल्या.

सोन्याचा नारळ, गाऱ्हाणे आणि दशावतार पर्यटकांच्या गर्दीतही टिकतील, कदाचित अधिक झगमगतील. रापणीचे तसे नाही. ती पाहणाऱ्यांच्या नव्हे, तर ओढणाऱ्यांच्या बळावर चालते. ओढणाऱ्यांना वाटा मिळेल एवढी मासळी किनाऱ्यास लागली, तरच मालवणची ही जुनी रीत पुढील पिढीच्या हाती जाईल.